शूर एसएम७बी: नऊ महिन्यांचा वापर आणि एका बूस्टरचे प्रकरण

हा अनुभव मी सहा महिने पूर्ण होताच लिहिणार होते आणि तेव्हा लिहिला असता, तर त्यातला मुख्य सल्ला आजच्या नेमका उलट झाला असता. घरी गाणाऱ्याने शूर कंपनीचा एसएम७बी हा माईक घ्यायचा, तर सोबत बूस्टर, म्हणजे माईकचा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण, घेतलाच पाहिजे, असे तेव्हा माझे ठाम मत होते. सातव्या महिन्यात तो बूस्टरच बिघडला आणि दुरुस्तीच्या नावाखाली सात आठवडे अडकून पडला. त्या सात आठवड्यांत नाइलाजाने जे शिकले, ते आधी कळले असते तर बूस्टरचे पैसे वाचले असते, आणि ते पैसे मला अजूनही खुपतात.

डायनॅमिक माईककडे मी का वळले, ते थोडक्यात सांगते. आधीच्या कंडेन्सर प्रकारच्या माईकवर पंखा, रस्ता आणि शेजारचे दार असे सगळेच यायचे. डायनॅमिक माईक खोलीतला आवाज घेतच नाही, असे सर्रास सांगितले जाते आणि मीही त्यावर विश्वास ठेवला होता. प्रत्यक्षात कोणत्याही माईकला गाणे कोणते आणि पंखा कोणता हे कळत नाही. डायनॅमिकमध्ये आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या क्षेत्रात हलल्यामुळे वीज निर्माण होते. ही जड जोडी अतिशय बारीक, वरच्या पट्टीतल्या कंपनांना कंडेन्सरइतकी चटकन दाद देत नाही, एवढा फरक आहे. खरा फायदा असा की या माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्याने गायले तरी तो बिथरत नाही, आणि जवळ गेल्यामुळे आपला आवाज खोलीच्या मानाने मोठा होतो. हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात वाचले होते, पण त्याचा अर्थ सातव्या महिन्यात कळला.

पहिले सहा महिने मी वीतभर अंतरावरून गात होते, कारण कंडेन्सरने तीच सवय लावली होती. एसएम७बीची संवेदनशीलता उणे ५९ डेसिबल आहे, म्हणजे ९४ डेसिबलच्या आवाजाला तो जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो, आणि त्याला किमान ६० डेसिबल गेन, म्हणजे आवाजाची वाढ, हवी असे खुद्द निर्माते सांगतात. माझ्या इंटरफेसचा, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा, गेन ५६ डेसिबलला संपतो. बटण शेवटपर्यंत फिरवूनही ध्वनिमुद्रणातली शिखरे (शून्य ही कमाल पातळी) उणे २२ डेसिबलच्या आसपास राहायची. नंतर संगणकात आवाज वाढवला की दोन ओळींमधल्या शांततेत हिस उभा राहायचा, दूरवर नळ बारीक सोडून ठेवल्यासारखा. या हिसने माझी झोप उडवली होती. गाणे कसे झाले हे ऐकण्याआधी मी समेनंतरची रिकामी जागा हेडफोन कानाला दाबून ऐकत असे.

म्हणून बूस्टर आणला. माईक आणि इंटरफेस यांच्यामध्ये बसणारी, इंटरफेसने माईकच्या केबलमधूनच पुरवलेल्या ४८ व्होल्टच्या विजेवर, म्हणजे फँटम पॉवरवर, चालणारी आणि २५ डेसिबलच्या आसपास गेन देणारी ही नळी अनेकांना ठाऊक असेल. आकडे वर आले, इंटरफेसचे बटण मध्यावर आले आणि मी निश्चिंत झाले. सातव्या महिन्यात आवाज अचानक पातळ झाला आणि केबल हलवली की खरखर येऊ लागली. सेवा केंद्राने पहिले उत्तर असे दिले की डायनॅमिक माईकला फँटम पॉवर दिल्यामुळे उपकरण जळाले असून हे वॉरंटीत बसत नाही. ज्या उपकरणाच्या पत्रकात फँटम पॉवर अनिवार्य असल्याचे पहिल्याच परिच्छेदात छापले आहे, त्याबद्दल हे उत्तर यावे याचा मला संताप आला आणि तो आजही पूर्ण गेलेला नाही. ही नळी ४८ व्होल्ट स्वतः वापरते, माईककडे जाऊ देत नाही. आणि जाऊ दिले असते, तरी केबल ठीक असेल तर साध्या डायनॅमिक माईकचे काही बिघडत नाही, कारण दोन्ही तारांवर सारखाच विद्युतदाब असल्याने गुंडाळीतून प्रवाह वाहत नाही. हे मी पत्रातून तीनदा समजावले. मग ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह तीच नळी परत आली. शेवटी एकच ओळ बूस्टरसह आणि बूस्टरशिवाय म्हणून, दोन्ही ध्वनिफिती पाठवल्या, तेव्हा कुठे बदली नळी मंजूर झाली.

दरम्यान एक गाणे पूर्ण करायचेच होते. बूस्टर नाही, गेन संपलेला, तेव्हा जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. पडद्यापासून २४ सेंटीमीटरवरून १२ वर आले की ६ आणि १२ वरून ६ वर आले की आणखी ६. एसएम७बीचा पडदा फोमच्या मागे काही सेंटीमीटर आत असतो, त्यामुळे ओठ फोमला जवळजवळ टेकले तरी आपण फार जवळ गेलो असे होत नाही. शिखरे उणे १० वर आली. हिस होता तेवढाच राहिला, पण माझा आवाज त्याच्यापासून १२ डेसिबल वर गेला, आणि त्याच हिशेबाने पंखाही मागे पडला. माईकच्या बरोबर मागे आवाज सर्वांत कमी पकडला जातो म्हणून संगणक तिथे सरकवला, तेव्हा त्याच्या पंख्याचीही कुरकुर थांबली.

तरीही हिस नेमका कोणाचा, हे मला जाणून घ्यायचेच होते. माईकच्या केबलला असतो त्या तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये दीडशे ओहमचा रेझिस्टर डाखला आणि माईकऐवजी तो प्लग इंटरफेसमध्ये घातला. गेन पूर्ण ठेवून अर्धा मिनीट ध्वनिमुद्रण केले. हिस जसाच्या तसा होता. म्हणजे सहा महिने मी ज्या माईकवर मनातून चिडले होते, त्याचा दोष नव्हता. दीडशे ओहमच्या कोणत्याही वस्तूत केवळ उष्णतेमुळे उणे १३१ डेसिबलच्या आसपास आवाज असतोच आणि त्याखाली कोणताही प्रीॲम्प, म्हणजे इंटरफेसमधला माईकचा आवाज वाढवणारा भाग, जाऊ शकत नाही. माझ्या इंटरफेसचा अशा हिसचा आकडा उणे १२८ आहे. मोजण्याच्या पद्धतीतला फरक धरला, तरी जगातला उत्तमोत्तम बूस्टर लावून मला फार तर तीन ते पाच डेसिबल मिळाले असते. जवळ सरकून १२ मिळाले, आणि तेही फुकट.

जवळ गेल्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. खर्जातले स्वर गरजेपेक्षा जाड होतात, कारण अशा एकदिशा माईकमध्ये अंतर कमी झाले की खालच्या कंप्रता फुगतात. यासाठी माईकच्या पाठीवर खालचा भाग कापणारा स्विच आहे. तो आत बसवलेला असल्याने बारीक पेचकस लागतो, पण एकदा सरकवला की विसरून जाता येते. तारसप्तकात जाताना मान मागे घेण्याची मंचावरची सवय मात्र मोडावी लागली. एवढ्या जवळून दोन बोटे मागे गेले तरी आवाजाचा पोतच बदलतो आणि एकाच तानेत दोन गायिका असल्यासारखे वाटते. महाप्राण व्यंजनांचा झोतही सांभाळावा लागतो. तोंडासमोर तळहात धरून ‘भाव’ आणि ‘फूल’ म्हणून पाहावे, म्हणजे हवा कुठे आपटते ते कळते. माईक समोरून हलवून ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका वळवला, तेव्हा ‘भ’चा धक्का जवळजवळ नाहीसा झाला.

बदली बूस्टर आल्यावर प्रामाणिकपणे तुलना केली. हेडफोनचा आवाज पूर्ण चढवून, रिकाम्या जागेतच, फरक कळतो. गाणे सुरू झाले की कळत नाही. नळी आता खणात आहे. ज्यांचा इंटरफेस जुना आणि मुळातच गोंगाटी आहे किंवा ज्यांचे गाणे अगदी हळू, पुटपुटल्यासारखे आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. नव्याने घेणाऱ्याने आधी रेझिस्टरची चाचणी करावी आणि मगच ठरवावे. गेनची एवढीच धास्ती असेल, तर २०२३ मध्ये आलेल्या एसएम७डीबीत बूस्टर आतच आहे. आणि हात आखडता असेल, तर १९६६ पासून चालत आलेला एसएम५८ एसएम७बीपेक्षा सुमारे साडेचार डेसिबल जास्त पातळी देतो. मैत्रिणीचा एसएम५८ मी तीन आठवडे वापरला. वरचा भाग थोडा टोकदार आणि ‘स’ जरा बोचरा लागतो, पण पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, लावून जवळून गायल्यावर त्यात एकही गाणे वाया गेले नाही. माझा आवाज मुळात धारदार असल्याने एसएम७बीची गोलाई मला हवीशी वाटते. ज्यांचा आवाज घुमणारा आहे, त्यांनी एसएम५८ आधी ऐकावा.

एक काम मात्र वाढले आहे. ओठ इतके जवळ असल्यामुळे फोम ओलसर होतो आणि वास धरतो. दर पंधरा दिवसांनी तो काढून कोमट पाण्यात धुते आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, ध्वनिमुद्रण बंद ठेवते.