पालिका मुख्यालयाची वारसा फेरी आणि फिरोजशहा मेहता

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडणारी गर्दी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या ज्या पुतळ्याला वळसा घालून जाते, तो सर फिरोजशहा मेहता यांचा आहे हे तिच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. या मुख्यालयात २०२१ साली सुटीच्या दिवशीची वारसा फेरी सुरू झाली. पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना घेऊन मी ती केली. फेरी अवश्य करावी; मात्र आत शिरण्यापूर्वी या पुतळ्यापाशी थोडे थांबावे.

इमारतीविषयी जेवढे सांगावे तेवढे थोडेच. समोरचे स्थानक उभारणाऱ्या स्टीव्हन्स यांचाच हा आराखडा. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी १८८४ मध्ये पायाभरणी केली, तेव्हा पालिकेचे अध्यक्ष मेहताच होते. या पदाला महापौर ही संज्ञा १९३१ मध्ये आली. १८९३ मध्ये काम संपले तेव्हा मंजूर ११,८८,०८२ रुपयांपैकी ११,१९,९६९ रुपयेच खर्च झाले होते. उभी हयात निविदा आणि बिले तपासण्यात घालवलेल्या वडिलांनी हा आकडा मला दोनदा म्हणायला लावला. घुमटाखालच्या जिन्यावर तर ते कठड्याच्या दगडावरून हात फिरवत कितीतरी वेळ रेंगाळले.

माझे मन मात्र सभागृहात गुंतले. १८७१ मध्ये आयुक्त क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीवर सारे शहर संतापलेले असताना, २६ वर्षांच्या मेहतांनी भर सभेत त्यांची बाजू घेतली आणि दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, करदात्यांनी निवडलेली सभा हवी, असे ठामपणे मांडले. पुढे १८८८ चा पालिका कायदा आकाराला येण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने ७२ सदस्यांपैकी ३६ जण करदात्यांनी प्रभागांतून निवडायचे ठरले. आजच्या मापाने तो मताधिकार फार तोकडा होता हे खरे. पण कारभार आयुक्ताने करावा आणि पैशाचा जाब सभेने विचारावा, ही घडी तिथेच बसली. पालिकेचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर हे सभागृह कित्येक वर्षे नगरसेवकांविना राहिले, आणि मेहतांनी कशासाठी झगडा मांडला होता ते मला तिथल्या रिकाम्या बाकांसमोर उभे असताना नीट उमगले. १९१५ मध्ये निधन होईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते या पालिकेत झिजले.

वयस्कर मंडळींनी जिने चढण्याची तयारी ठेवावी. वडील दमले होते, तरी सभागृहातून निघायला तयार नव्हते. नोकरीच्या काळात फायली घेऊन ते अनेकदा इथल्या दारापर्यंत आले होते, आत पाऊल टाकले ते त्या दिवशी प्रथमच.