सोळा इंची सायकल, सात महिन्यांनंतर: आधी ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का बघा

मागच्या रविवारी लेक सोसायटीच्या गेटचा उतार उतरली आणि वॉचमनकाकांच्या खुर्चीच्या हातभर अलीकडे थांबली. स्वतः ब्रेक दाबून. तीन महिन्यांपूर्वी याच उतारावर ती उभ्या स्कूटरवर आदळली होती. गुडघा सोलवटला, बाकी निभावलं. रडत रडत एकच सांगत होती, "आई, मी दाबत होते गं, हात पुरत नव्हता."

संध्याकाळी तिची मूठ हँडलवर ठेवून बघितली. बोटं पूर्ण ताणली तरी फक्त मधल्या बोटाचं टोक ब्रेकच्या दांडीला लागत होतं. नुसत्या टोकाने ब्रेक दाबला जाईल कसा?

लेक सव्वापाच वर्षांची, उंची १०८ सेंटिमीटर, वजन १७ किलो. सायकल साडेदहा किलोची. रंग, बास्केट, घंटी यांवर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. २० इंची घ्या, दोन वर्षं जास्त चालेल, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं आणि पैशांकडे बघून मलाही पटत होतं. नाही घेतली ते फार बरं झालं. आहे त्याच सायकलचा ब्रेक पुरत नव्हता.

दुकानात गेले तर, "ताई, नवीन आहे, वापरून सैल होईल." दुसऱ्या खेपेला केबल बदलून दीडशे रुपये घेतले, ब्रेक आणखी कडक झाला. कंपनीकडे तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी तक्रार सोडवल्याचा मेसेज आला, घरी कोणी फिरकलं नाही. लहान मुलाच्या ब्रेकच्या बाबतीत इतकी बेफिकिरी? मला अजून राग येतो.

तोवर सायकल पडून राहायला नको म्हणून साइडची चाकं काढली. या चाकांना पहिल्या महिन्यात मी पाचपैकी पाच दिले असते, आज एकच देईन. तोल जातो त्या बाजूला हँडल वळवून सायकल सावरायची असते, आणि ही चाकं सायकलला कलूच देत नाहीत. चार महिने लेक ऐटीत फिरली, पण तोल सांभाळायला शिकलीच नव्हती. चाकं काढली त्या दिवशी चार पावलांत आडवी.

मग पेडलही काढले. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने चालवलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हते, जमिनीवर पाय मारतच ती पुढे जायची. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तेवढं लक्षात ठेवा. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये तिच्या चपलांची टप टप चालायची. नवव्या दिवशी ती टप टप थांबली म्हणून वळून बघितलं, तर दोन्ही पाय वर आणि सायकल सरळ खांबापर्यंत गेलेली. मला भरून आलं.

ब्रेकचं काम शेवटी केलं फुटपाथवर पंक्चर काढणाऱ्या आजोबांनी. ब्रेकच्या दांडीच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलकडे सरकते. त्यानंतर केबलचा ढिलेपणा काढावाच लागतो, नाहीतर दांडी मुठीला टेकते तरी रबर रिमला धरत नाही. पाच मिनिटं, वीस रुपये. सगळ्याच सायकलींना हा स्क्रू नसतो, म्हणून घेण्याआधी मुलाला दुकानात न्या आणि त्याच्या हाताने ब्रेक दाबून बघा.

ब्रेक धरायला लागला तसे पेडल परत लावले. परवा सीट दोन बोटं वर घेतली. सीटच्या नळीवरची शेवटची खूण अजून चार बोटं आत आहे, म्हणजे पुढचं वर्षभर तरी दुसरी सायकल घ्यायची नाही.