सरकारी लिलावातला कॉम्प्युटरचा लॉट: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

भुसावळला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यासाठी मागच्या पावसाळ्यात एमएसटीसी या सरकारी ई-लिलावाच्या पोर्टलवरून एका सरकारी ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपचा लॉट उचलला. सीपीयू एक नंबर, मॉनिटर बकवास, हार्ड डिस्क तर हिशोबात धरूच नका, डेटा बाहेर जाऊ नये म्हणून त्या काढूनच देतात.

आधी लॉटचं वर्णन नीट वाचा भो. ई-वेस्ट लिहिलं असेल तर २०२२ च्या नियमांनुसार तो माल रजिस्टर्ड रीसायकलर, रीफर्बिशर अशांकडेच जातो, आपल्या कामाचा नाही. आमचा 'वापरातून कमी केलेला, चालू' असा होता. अट मात्र तीच, जसं आहे जिथे आहे, म्हणजे नंतर तक्रार चालत नाही. पोर्टलवरचा फोटो म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो, प्रत्यक्ष जाऊन बघाच, तिथला बाबू म्हणे वरूनच बघा पण आम्ही झाकण उघडायला लावलं तेव्हा कळलं की निम्म्यांच्या रॅम गायब. बोलीवर १८ टक्के जीएसटी, छोटा हत्तीचं भाडं, हमाली, आणि मुदतीत माल नाही उचलला तर ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं, हे सगळं धरून मगच बोली लावा.

मशीन चौथ्या जनरेशनचे आय-फाइव्ह. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फास्ट डिस्क), जुनी डीडीआर-थ्री रॅम, प्रोसेसर थंड ठेवणारी नवीन थर्मल पेस्ट आणि बोर्डावरचा बटण सेल एवढं टाकलं की पळतात. विंडोज ११ ला आठवी जनरेशन लागते आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाकलं. फॉर्म, पीडीएफ, प्रिंट सगळं चालतं, फक्त अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर बसला नाही, त्याला एक नवीन विंडोजवालं ठेवावं लागलं.

खरा फायदा नंतर कळला. ब्रँडेड मशीनला एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बाजारातला बसत नाही, पिनाच वेगळ्या, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा तोच आधी मरतो. आमच्या लॉटमधले बंद सीपीयू त्याच मॉडेलचे, त्यांचेच एसएमपीएस आणि फॅन काढून चालूंना लावतोय, खर्च शून्य. म्हणून एकाच मॉडेलचा लॉट असेल तरच घ्या, मिसळ असेल तर बंद मशीन नुसतं ओझं होतं.

मॉनिटर पिवळे पडलेले, जोडायला नुसतं जुनं व्हीजीए, दोन तासांत डोळे दुखतात. ते आता रीसायकलरला द्यायचेत, पुढच्या वेळी मॉनिटर नसलेलाच लॉट बघणार.