टपालसेवेवर अमेरिकी काँग्रेसची देखरेख: १९७० च्या आधीची आणि नंतरची

राष्ट्रीय टपालसेवा कायदेमंडळाच्या थेट हाताखाली असावी, की स्वतंत्र मंडळाकडे सोपवून कायदेमंडळाने तिच्यावर लांबून लक्ष ठेवावे, याबद्दल ज्यांना मत ठरवायचे आहे त्यांनी अमेरिकेचा इतिहास जरूर पाहावा. तिथे दोन्ही व्यवस्था दीर्घकाळ चालवून पाहिल्या गेल्या आहेत.

टपाल कचेऱ्या आणि टपालमार्ग स्थापण्याचा अधिकार तिथल्या राज्यघटनेनेच काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या तिथल्या कायदेमंडळाला, दिला आहे. १७९२ च्या कायद्यात काँग्रेसने मेनमधील विस्कॅसेटपासून जॉर्जियातील सव्हानापर्यंत टपाल कोणत्या गावांवरून जाईल हे नावानिशी लिहून काढले, वर्तमानपत्रांना अगदी कमी दर लावला आणि टपाल कर्मचाऱ्याने पत्र उघडणे हा गुन्हा ठरवला. थेट नियंत्रणाची खरी ताकद दूरच्या वस्तीला लाभली. शेतकऱ्यांच्या दारापर्यंत टपाल पोहोचवण्यासाठी काँग्रेसने १८९३ मध्ये पैसे मंजूर केले, तेव्हाच्या पोस्टमास्तर जनरलांनी (टपाल खात्याच्या प्रमुखांनी) योजना परवडणारी नाही म्हणून ती बाजूला ठेवली, तरी काँग्रेसने पाठपुरावा सोडला नाही आणि १८९६ मध्ये तो बटवडा सुरू झाला. केवळ नफातोटा पाहणाऱ्या मंडळाने हे केले असते असे मला वाटत नाही.

पण त्याच नियंत्रणाने पुढे खात्याचे हातपाय बांधले. दर, पगार, इमारतींसाठीचा पैसा हे सारे काँग्रेसच्या मंजुरीवर अवलंबून होते आणि गावोगावचे पोस्टमास्तर राजकीय शिफारशीने नेमले जात. ऑक्टोबर १९६६ मध्ये शिकागोच्या मुख्य टपाल कचेरीत एक कोटीच्या आसपास टपाल तुंबले आणि काम जवळजवळ ठप्प झाले. पुढच्या वर्षी लॉरेन्स ओब्रायन हे पोस्टमास्तर जनरल प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे आले, तेव्हा उपसमितीचे अध्यक्ष टॉम स्टीड यांनी एकेक बाब घेऊन विचारले: कामाचा बोजा, दर, पगार, इमारती यांपैकी कशावर तुमचा ताबा आहे? जवळजवळ कशावरच नाही, हे त्या सुनावणीत उघड झाले. मार्च १९७० मध्ये सुमारे दोन लाख टपाल कामगार संपावर गेले आणि ऑगस्टमध्ये टपालसेवा स्वतंत्र मंडळाकडे सोपवणाऱ्या नव्या कायद्यावर सही झाली.

नव्या व्यवस्थेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आणि सिनेटने मान्य केलेले नऊ गव्हर्नर, म्हणजे या मंडळाचे सदस्य, पोस्टमास्तर जनरल निवडतात, तर दरांची छाननी वेगळा आयोग करतो. नेमणुकांतील राजकीय शिफारशींना कायद्याने बंदी झाली, हा मोठा आणि टिकाऊ लाभ आहे.

काँग्रेसने मात्र दैनंदिन कारभार सोडला तरी पैशाची नाडी स्वतःकडेच ठेवली. २००६ च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्य खर्चासाठी दहा वर्षे दरसाल सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला ठेवण्याची सक्ती केली, दरवाढीला महागाई निर्देशांकाची मर्यादा घातली आणि टपाल घटत असतानाच सेवा मोठ्या तोट्यात दिसू लागली. मंडळ भरण्याकडेही दुर्लक्ष झाले: डिसेंबर २०१६ मध्ये नेमलेला एकही गव्हर्नर पदावर उरला नाही. केवळ टपालासाठी १८०८ मध्ये नेमलेली प्रतिनिधीगृहाची समिती पुढे सनदी सेवेच्या समितीत विलीन झाली आणि तीही १९९५ मध्ये बंद झाली. त्यानंतर टपाल हा एका मोठ्या समितीच्या अनेक विषयांपैकी एक झाला. विषयाची खोल जाण असलेले सदस्य घडण्याची जागाच त्यामुळे गेली, आणि माझ्या मते लांबून ठेवायच्या देखरेखीतले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

म्हणून निवड करताना सगळे अधिकार एकाच पारड्यात टाकू नयेत. दर आणि नेमणुका मंडळाकडे द्याव्यात. बटवड्याचे दिवस, दूरच्या वस्तीची सेवा आणि पत्राची गोपनीयता मात्र कायद्यातच राहावी. २०१३ मध्ये टपालसेवेने शनिवारचा पत्रबटवडा बंद करायचे ठरवले होते, तो बेत काँग्रेसने मंजूर केलेल्या खर्चाच्या कायद्यातील अटीमुळे मागे घ्यावा लागला. पण ती अट दरवर्षी नव्याने घालावी लागे. आगाऊ भरण्याची सक्ती रद्द करणाऱ्या २०२२ च्या कायद्याने आठवड्यातून सहा दिवस बटवडा कायमचा बंधनकारक केला आणि टपाल वेळेत पोहोचते की नाही याची आकडेवारी दर आठवड्याला जनतेपुढे मांडणे भाग पाडले.