सरावाचं बाळ, मोबाइलवरचा वर्ग: आठ महिन्यांनंतर

नवजात बाळाला अंबू बॅगने, म्हणजे मास्क लावलेल्या, हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायला मी बारा वर्षं शिकवतेय, तेही शिकणारीच्या हातावर हात ठेवून. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम 2009 मध्ये आला तेव्हापासून प्रशिक्षण दोन दिवसांचं. पण उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे तिथली नर्सताई, दोन दिवस बाहेर पडली तर मागे बघणार कोण? म्हणून चार उपकेंद्रांना सरावाचं एकेक बाळ, म्हणजे बाळासारखी बाहुली, पाठवलं आणि वर्ग मोबाइलवर घ्यायला लागले.

बाळ घडी करून पिशवीत मावतं. कोमट पाणी भरलं की दोन किलोच्या आसपास होतं, मान अगदी खऱ्या बाळासारखी लोंबते. हाताने दाबायचे फुगे आहेत: एकाने नाळेचे ठोके, एकाने श्वास, एकाने रडणं. वीज लागत नाही.

पहिला महिना वाया गेला. फोनमध्ये ताईंचा चेहरा दिसायचा, बाळाची छाती नाही. आता फोन टेबलाच्या कडेला, छातीच्या उंचीवर आडवा ठेवायला सांगते. मास्क सैल बसला की कडेने ‘सूं’ आवाज येतो. वर्गात मी पाठमोरी असले तरी तो ऐकू यायचा. व्हिडिओ कॉल मात्र त्याला गोंगाट समजून गाळून टाकतो. कॉलमधली ती सोय आधी बंद करा. रेंज नसेल तर मिनिटाभराचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. त्यावरून मिनिटाला 40 ते 60 श्वास होतात का, तेही शांतपणे मोजता येतं.

ठोक्यांचा फुगा दुरून दाबता येत नाही. तो आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, हाती दिला, सोबत बंद चिठ्ठी: ‘छाती उचलली जात नाही तोवर ठोके वाढवू नका.’ एका उपकेंद्रात सिस्टर बॅग दाबतेय, छाती हलत नाही, ठोके मंदच. तिने फोनकडे बघितलं. मी मुद्दाम गप्प राहिले. आशाताईच म्हणाल्या, “ताई, मान पुढं पडलीय बघा.” मान किंचित मागे केली, मास्क पुन्हा बसवला आणि छाती उचलली. माझ्या हाताची जागा कॅमेऱ्याने नाही, टेबलाशी उभ्या असलेल्या या जोडीदारणीने घेतली.

तक्रार एकच, पण मोठी. तिसऱ्या महिन्यात एक बाळ मानेच्या जोडापाशी गळायला लागलं. पुरवठादाराने अख्खं परत मागवलं आणि दीड महिना घेतला. तोवर त्या उपकेंद्राचा सराव बंद. म्हणून चार लागणार असतील तर पाच घ्या. आणि वापरानंतर पाणी काढून आतून पूर्ण वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच.