जुन्या संगणकासाठी पेनड्राइव्ह: एमबीआर की जीपीटी?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या काकूंचा कोर टू ड्युओ (इंटेलचा जुना प्रोसेसर) असलेला संगणक लिनक्सवर न्यायचाय. त्यासाठी रूफसमध्ये, म्हणजे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पेनड्राइव्ह एमबीआर करावा की जीपीटी? (डिस्कचे विभाग नोंदवायच्या या दोन पद्धती; पहिली जुनी, दुसरी नवी.) माझं मत ठाम आहे: एमबीआर. त्या काळातल्या बहुतेक मदरबोर्डांत जुनं बायोसच (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) असतं. ते डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमधला कोड चालवतं. रूफसमध्ये जीपीटी निवडलं की पेनड्राइव्ह यूईएफआयपुरता (बायोसच्या जागी आलेलं नवं सॉफ्टवेअर) तयार होतो, आणि इथे काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहते. पेनड्राइव्हच बिघडला समजून नवा घ्यायला जेल रोडच्या बाजारात धावू नका!

जीपीटी नव्या मशीनला उत्तम. २ टीबीहून मोठ्या डिस्कला तर हवंच. काकूंची डिस्क १६० जीबीची.

मशीन त्याहूनही जुनं असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, तेवढं पाहा. ३२ बिटवर लिनक्स मिंट २० (लिनक्सची एक आवृत्ती) चालत नाही.