सिॲटलची काचबाग, एका कासाराच्या नजरेनं

आमचं सेलूला बांगड्यांचं दुकान, माझी तिसरी पिढी. काकणं भरण्यात जन्म गेला. त्यामुळं सिॲटलला लेकीकडं गेलो आणि ती म्हणाली, "बाबा, उद्या काच बघायला जाऊ," तेव्हा हसूच आलं. चार दिवस काचेपासून सुटका म्हणून तर आलो होतो!

स्पेस नीडल या मनोऱ्याच्या पायथ्याशी डेल चिहुली या कलाकाराच्या फुंकीव काचेचं हे प्रदर्शन आहे, २०१२ साली उघडलेलं. आधी अंधाऱ्या खोल्या लागतात, आत दिव्यांचा झगमगाट. बरं वाटतं, पण दिव्याखाली कोणताही माल चमकतो हे दुकानदाराला सांगायला नको. पुढं काचघर. त्याच्या छताला लाल-केशरी-पिवळ्या फुलांची १०० फूट लांब माळ टांगलीय. मान अवघडेस्तोवर बघितली.

खरी मजा बागेत. मातीत, झुडपांत काच रोवलेली. एका जागी लाकडाच्या ओंडक्यांतून जांभळ्या काचेच्या उंच काड्या उभ्या आहेत, तिथून माझा पाय निघेना. आमच्याकडं बाया काकणाचा रंग दुकानात ठरवतच नाहीत. डझन हातात घेऊन आधी बाहेर उन्हात जातात. मी वैतागायचो. पण त्यांचंच खरं. या जांभळ्या काचेत नियोडिमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. अशी काच उन्हात जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते.

काच फुंकतानाही बघितलं. आपली चुलीची फुंकणीच, पण चांगली लांब. टोकाला पेटता गोळा. फुंकायचं आणि फिरवत राहायचं, हात थांबला की गोळा लोंबला. झालेली वस्तू परत भट्टीत ठेवून हळूहळू निववतात, नाहीतर तडकते. चिहुली स्वतः आता फुंकत नाहीत. १९७६ च्या अपघातात एक डोळा गेला, १९७९ ला खांदा निखळला. तेव्हापासून ते सांगतात आणि कारागीर घडवतात.

"बाबा, यातली किती फुटत असेल?" लेकीनं विचारलं.

"फुटते म्हणू नये गं, वाढते म्हण."

म्हटलं खरं, पण डोक्यात २०१४ ची गारपीट. तेव्हा आमच्या दुकानाच्या पत्र्याला भोकं पडली होती, आणि इथं सगळा माल उघड्यावर!

जाणार असाल तर दुपार कलल्यावर जा. ऊनही सापडतं, दिवेही. लहान लेकरू बरोबर असेल तर त्याचा हात धरा. माझा हात तर लेकीनंच दोनदा मागं ओढला.